कुलुपांची विद्या आणि विद्यापीठें

गेल्या जून महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. मुलगा गणितांत हुशार. त्याला संगणकशास्त्र व सायबर सुरक्षा हा विषय घेऊन विद्यापीठांत जावयाचें होतें, आणि तो घ्यावा कीं नाहीं याविषयीं पित्यास आमचा सल्ला हवा होता. त्या वेळीं आमचे एक सेवानिवृत्त स्नेही, संस्कृतचे अध्यापक, तेथें बसले होते. या विषयांत शिकवितात तरी काय, असें त्यांनीं मुलास विचारलें. मुलानें सरळ उत्तर दिलें, "कुलूप कसें फोडतात तें आधीं शिकवितात, आणि मग तें फुटूं नये म्हणून काय करावें तें." त्यावर आमचे स्नेही हंसून म्हणाले, "म्हणजे शर्विलकाची विद्या आतां पदवीस लागली म्हणावयाची!"

मृच्छकटिकांतला शर्विलक भिंतीस भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचा शास्त्रोक्त विचार करतो, आणि मापाची दोरी जवळ नाहीं म्हणून गळ्यांतल्या जानव्याचाच उपयोग करतो, हें वाचकांस आठवत असेल. विनोद मार्मिक होता. पण त्यामागची शंका केवळ विनोदाची नव्हती. विद्या उघडी करणें हा विद्यापीठाचा धर्म, आणि गुपित राखणें हा या शास्त्राचा हेतु. मग या दोहोंचा संसार एका छपराखालीं कसा चालावा? आणि जी विद्या दुष्टाच्या हातीं शस्त्र होईल ती भर वर्गांत शिकवावी काय? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधावें असें आम्हांस वाटतें. कारण हा प्रश्न एकदां प्रत्यक्ष उपस्थित झाला होता, आणि कांहीं अध्यापकांस व विद्यार्थ्यांस तो धोका पत्करून सोडवावा लागला होता.

प्रथम संगणकशास्त्र विद्यापीठांत कसें शिरलें तें थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांत केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स व त्यांचे सहकारी यांनीं बांधलेल्या एडसॅक नांवाच्या यंत्रानें ता. ६ मे १९४९ रोजीं पहिलें गणित करून दाखविलें, आणि १९५३ सालीं त्याच विद्यापीठानें या विषयाचा एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेंत पर्ड्यू विद्यापीठानें १९६२ सालीं संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला, स्टॅनफर्डनें १९६५ सालीं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेलें टिफ्रॅक हें यंत्र १९६० सालीं कामास लागलें; १९६३ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आयबीएम १६२० हें यंत्र आलें आणि विद्यार्थी त्यावर शिकूं लागले. आरंभीं कुलुपांचा विषय या शास्त्रांत येण्याचें फारसें कारणच नव्हतें. यंत्र एक, त्यापुढें बसणारा माणूस एक, खोलीस दार एक. कुलूप हवें तर तें दारास लावावें.

ही स्थिति पालटली ती यंत्र वांटून घेण्याच्या गरजेमुळें. मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी. मध्यें १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बाटो यांनीं एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची योजना करून दाखविली. अनेकांचीं टिपणें एका पेटाऱ्यांत आलीं तेव्हां प्रत्येकास परवलीचा शब्द देणें भाग पडलें; आणि मौज अशी कीं, त्या शब्दांची चोरीही लगोलग झाली. ॲलन शेर नांवाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यास मिळणारे चार तास पुरत नव्हते. तेव्हां १९६२ सालीं त्यानें सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! पुढें अनेक वर्षांनीं त्यानें हें स्वतः कबूल केलें. पैशाअडक्यासाठीं नव्हे, तर अभ्यासाच्या वेळेसाठीं केलेली ही चोरी विद्यापीठास शोभणारीच होती म्हणावयाची.

या चोरीचें मूळ ती यादी जशीच्या तशी लिहून ठेवण्यांत होतें. त्यावर केंब्रिजच्या रॉजर नीडम यांनीं त्याच दशकांत सुंदर तोड काढली. यादींत शब्द ठेवूंच नये. त्याचें दळलेलें रूप ठेवावें. जोंधळ्याचें पीठ सहज होतें, पिठाचे जोंधळे होत नाहींत. येणारा आपला शब्द सांगतो, यंत्र तो दळतें, आणि तें पीठ यादींतल्या पिठाशीं जुळलें कीं दार उघडतें. यादी चोरास सांपडली तरी त्याच्या हातीं पीठच लागतें. मग नाना शब्द दळून पाहण्यावांचून त्यास गत्यंतर नाहीं. म्हणून शब्द सहज सुचण्याजोगा नसावा, हें पथ्य यांतूनच निघतें. विल्क्स यांनीं ही युक्ति १९६८ सालीं आपल्या पुस्तकांत छापली. कुलुपाची घडण जगजाहीर झाली, तरी कुलूप दुबळें झालें नाहीं.

हें तत्त्व तसें जुनेंच. पॅरिस येथें भाषा शिकविणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनीं १८८३ सालीं लष्करी गूढलेखनावरील निबंधांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, लेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं गेली तरी बिघडूं नये. गुप्त असावी ती फक्त किल्ली. आपल्याकडे वात्स्यायनानें चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखन, ही एक कला मोजली आहे. आणि महानुभाव पंथानें तर आपले ग्रंथ शतकानुशतकें सकळ, सुंदरी इत्यादि लिप्यांत झांकून ठेवले. परंतु तेथें गुप्त होती ती पद्धतिच. राजवाडे-भावे यांच्या पिढींत त्या लिप्यांचा उलगडा झाला, आणि त्यासरशीं भांडार उघडें पडलें. मराठी वाङ्मयाचें त्यांत कल्याणच झालें. पण कुलूप म्हणून पाहिलें तर एक अक्षरमाला ओळखली कीं त्या लिपींतल्या सर्व पोथ्या उघडाव्या अशी ती रचना होती. केर्कहॉफ्स यांचें म्हणणें याच्या उलट होतें: प्रत्येक पोथीस किल्ली निराळी, आणि कुलुपाची घडण मात्र चव्हाट्यावर. आतां एखादी घडण चव्हाट्यावर मांडून शेंकडों डोळ्यांनीं तपासून घेण्याचें काम विद्यापीठांवांचून दुसरें कोण करणार?

तथापि १९७० च्या सुमारास अमेरिकेंत या शास्त्राचे जाणते बहुतेक सरकारच्या बंद दारांआड होते. अशा काळीं, १९७४ सालीं, बर्कली येथें राल्फ मर्कल या विद्यार्थ्यानें वर्गांतील प्रकल्प म्हणून एक विलक्षण प्रश्न मांडला. पूर्वीं कधींही न भेटलेल्या दोघांस, चोर कान देऊन ऐकत असतांनाही, उघड्या तारेवरून एक समाईक गुपित ठरवितां येईल काय? अध्यापकांस तो पटला नाहीं. मर्कलनें वर्ग सोडला. प्रश्न सोडला नाहीं. इकडे स्टॅनफर्ड येथें मार्टिन हेलमन व व्हिटफील्ड डिफी हे त्याच वाटेनें चालले होते. ज्या विषयांत सरकार अफाट द्रव्य ओततें तेथें तुम्ही नवें काय शोधणार, असें हेलमन यांस त्यांचे सहकारी विचारीत. नोव्हेंबर १९७६ मध्यें डिफी-हेलमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतली एक कल्पना टपालपेटीच्या दृष्टांतानें समजेल: पेटींत पत्र कोणीही टाकावें, उघडावें मात्र किल्लीवाल्यानेंच. पुढल्याच वर्षीं एम. आय. टी. मधील रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनीं अशी पेटी प्रत्यक्ष घडविली. दोन प्रचंड अविभाज्य संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणें महाकठीण, या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकांत मार्टिन गार्डनर यांनीं ती वाचकांपुढें मांडली. १२९ अंकी एक संख्या देऊन तिच्या आड झांकलेला मजकूर वाचणारास शंभर डॉलरचें बक्षीस लावलें, आणि टिकिट लावलेला लखोटा पाठविणारास मूळ निबंध मिळेल असें जाहीर केलें. ती संख्या फुटावयास १९९४ साल उजाडावें लागलें.

या उघड्या व्यवहारानें कोठें तरी अस्वस्थता उत्पन्न होणें साहजिक होतें. जुलै १९७७ मध्यें अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेकडे जे. ए. मेयर या सभासदाचें एक पत्र आलें. गूढलेखन हें कायद्यानें शस्त्रास्त्रांत मोडतें, तेव्हां परवान्यावांचून या विषयाचे निबंध प्रसिद्ध करणें हा शस्त्रांच्या निर्यातीवरील निर्बंधांचा भंग ठरूं शकेल, असा त्याचा आशय होता. हे गृहस्थ राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे नोकर होते, हें मागाहून बाहेर आलें. पत्र त्यांनीं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलें असें त्या संस्थेनें सांगितलें. परिणाम व्हावयाचा तो झालाच. एम. आय. टी. कडून लखोट्यांची पाठवणी कांहीं काळ थांबली.

ऑक्टोबरांत इथाका येथें कॉर्नेल विद्यापीठांत परिषद भरावयाची होती. मर्कल एव्हांना स्टॅनफर्डला येऊन हेलमन यांचे विद्यार्थी झाले होते. ते व स्टीव्ह पोलिग असे दोघे तेथें निबंध वाचणार होते. हेलमन यांनीं विद्यापीठाच्या वकिलाचा सल्ला घेतला. त्याचें मत असें पडलें कीं, निबंध वाचणें कायद्यास धरूनच आहे, आणि खटला झालाच तर विद्यापीठ आपल्या अध्यापकाच्या पाठीशीं उभें राहील. परंतु लांबलेल्या खटल्यांत विद्यार्थ्यांच्या उमेदीचीं वर्षें मातीस मिळतील, म्हणून त्यांनीं स्वतः वाचूं नये. विद्यार्थी प्रथम ऐकेनात. घरच्यांच्या काळजीपुढें मात्र नमले. परिषदेंत ते दोघे गुरूच्या बाजूस उभे राहिले, आणि त्यांचे निबंध गुरूनें वाचले. कोणीही त्यांस धरावयास आलें नाहीं. कायद्याचा वाद पुढें दोन दशकांवर चालला, आणि २००० सालीं ते निर्बंध बरेच सैल झाले; पण आमच्या मतें या शास्त्रास विद्यापीठांत खरें घर मिळालें तें त्या दिवशीं.

हा प्रसंग वाचतांना आम्हांस आपल्याच एका आठवणीची लाज वाटते. कांहीं वर्षांपूर्वीं, आम्ही शिकवीत होतों त्या संस्थेंत, एका विद्यार्थ्याच्या असें लक्षांत आलें कीं, आपल्या निकालपत्राच्या पत्त्यांतील शेवटचा अंक बदलला कीं पडद्यावर दुसऱ्याचें निकालपत्र उघडतें. त्यानें तें आम्हांस दाखविलें; आम्हींच त्यास कचेरींत पाठविलें. कचेरीनें चौकशी लावली ती दाराची नव्हे, मुलाची! त्या बैठकींत आम्ही होतों. या मुलानें कांहीं चोरलें नाहीं, उलट दार उघडें आहे हें घरमालकास सांगावयास तो आला, हें आम्हांस पुरतें कळत होतें. पण आम्ही उठून तें बोललों नाहीं. मुलाकडून माफीपत्र लिहून घेतलें गेलें. दार पुढल्या परीक्षेपर्यंत तसेंच उघडें राहिलें.

लपविल्यानें काय साधतें याचें दुसरें उदाहरण याहून पुष्कळच मोठें आहे. स्टॅनफर्ड व मॅसॅच्युसेट्स येथें जें सांपडलें त्याचें मर्म ब्रिटिश सरकारच्या चेल्टनहॅम येथील गुप्त कचेरींत आधींच हातीं आलें होतें. जेम्स एलिस यांनीं १९७० सालीं कल्पना मांडली. क्लिफर्ड कॉक्स यांनीं १९७३ सालीं व माल्कम विल्यमसन यांनीं १९७४ सालीं ती गणितांत बसविली. कागद कपाटांत गेले ते डिसेंबर १९९७ मध्यें बाहेर आले. एलिस त्यापूर्वीं कांहीं आठवडेच वारले होते. जगाच्या बाजारपेठेस व बँकांस कुलूप दिलें तें कपाटांतल्या कागदानें नव्हे, छापलेल्या निबंधानें.

तरी दुसरी बाजू झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ता. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेलच्याच रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें यंत्रांच्या जाळ्यांत आपोआप पसरणारा एक कृमि सोडला. यंत्रांत तो आधींच असला तरी सातांतून एकदां पुन्हां ठाण मांडावें, अशी त्यास आज्ञा होती. तेवढ्यानें यंत्रें गुदमरलीं. त्या काळच्या अंदाजाप्रमाणें जाळ्यांतलीं सुमारें साठ हजारांपैकीं सहा हजार यंत्रें त्याच्या तावडींत सांपडलीं. मॉरिस यास १९९० सालीं शिक्षा झाली: तीन वर्षांची देखरेख, चारशें तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड. येथें विद्या होती, विवेक अपुरा पडला. परंतु उपायही विद्यापीठांतूनच निघाला. बर्कली, पर्ड्यू व मॅसॅच्युसेट्स येथील मंडळींनीं कृमीचें अंग उकलून त्यास आवरलें, आणि त्याच महिन्यांत अशा संकटांच्या निवारणासाठीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत कायमचें केंद्र निघालें. मॉरिस स्वतः पुढें एम. आय. टी. मध्यें प्राध्यापक झाले.

ही उघडेपणाची परंपरा आपल्या देशांतही रुजली आहे. ऑगस्ट २००२ मध्यें कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल व नितिन सक्सेना, यांनीं एखादी संख्या अविभाज्य आहे कीं नाहीं हें निश्चितपणें व वाजवी वेळांत ठरविण्याची रीत शोधिली. ती त्यांनीं कपाटांत ठेवली नाहीं. जगांतील गणितज्ञांपुढें मांडली, आणि थोड्याच दिवसांत ती तपासली जाऊन मान्य झाली. संख्या ओळखणें निराळें व फोडणें निराळें, म्हणून त्यामुळें टपालपेट्यांचीं कुलुपें कांहीं उघडलीं नाहींत.

हें सर्व आम्हीं त्या मुलास सांगितलें, आणि एवढेंच सुचविलें कीं, गणित पक्कें कर, कुलूप फोडावयाचें तें आपलें किंवा ज्याचें त्याच्या परवानगीनें, आणि भोंक दिसलें तर आधीं घरमालकास सांग. आमचे स्नेही इतका वेळ शांतपणें ऐकत होते. उठतां उठतां ते म्हणाले, "पण एक विसरलांत. सकाळीं तें भोंक पाहिल्यावर चारुदत्तानें आरडाओरड केली नव्हती. प्रथम त्याच्या घडणीची वाखाणणी केली होती." आम्हांस त्या बैठकीची आठवण झाली. आमच्या कचेरीनें तेवढें केलें असतें, किंवा तिनें तें करावें असें आम्हीं उठून म्हटलें असतें, तर एक दार वर्षभर आधीं बंद झालें असतें.