वजडीच्या बोळातली शांतता

योहानस व्हर्मीरने १६५८च्या सुमारास रंगवलेले ‘छोटी गल्ली’ हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. उंची ५४.३ सेंटिमीटर, रुंदी ४४. डेल्फ्टमधले विटांचे जुने घर, शेजारी बोळ, दारात शिवणकाम करणारी बाई, बोळात पिंपापाशी दुसरी, घरापुढे जमिनीवर खेळात दंग दोन मुले. चौघांपैकी एकाचाही चेहरा नीट दिसत नाही.

२०१५ साली कलेतिहासकार फ्रान्स ग्रायझेनहाउट यांनी या घराचा पत्ता मांडला. आधार १६६७च्या वसुलीवहीचा. कालव्यातला गाळ काढणे आणि काठाची डागडुजी यांसाठी घरमालकांकडून पट्टी घेत, त्यामुळे घरांची आणि बोळांची रुंदी वहीत बारकाईने नोंदलेली आहे. सुमारे ६.३ मीटर रुंदीची दोन घरे आणि मध्ये १.२ मीटरचे दोन बोळ, हा मेळ फ्लामिंगस्ट्राट ४०-४२ येथेच बसतो, असे त्यांचे म्हणणे. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. मला पटते, चित्रकलेशी काडीचे देणेघेणे नसलेल्या कारकुनाची साक्ष मी सहसा मानतो.

पत्ता खरा धरला, तर उजवीकडच्या घरात व्हर्मीरची सावत्र आत्या राहत होती. विधवा, पाच मुलांची आई, वजडी विकून संसार चालवणारी. बोळाचे नावच ‘पेन्सपोर्ट’, म्हणजे वजडीचा बोळ.

आता चित्राकडे पुन्हा पाहावे. वजडी नाही, गिऱ्हाईक नाही, समोरचा कालवाही नाही. अवरक्त किरणांच्या तपासणीत बोळाच्या तोंडाशी बसलेली आणखी एक आकृती आढळली. व्हर्मीरने ती नंतर काढून टाकली. त्यामुळे नजर अडत नाही, थेट बोळात शिरते. ही शांतता त्याला गल्लीत आयती मिळालेली नाही. एकेक गोष्ट वगळून त्याने ती घडवली आहे.

मात्र भिंतीतले काही त्याने वगळले नाही. प्रत्येक वीट रेखलेली नसूनही भिंत विटांचीच वाटते, कारण तांबूस रंगावर दरजांच्या फिकट रेघा हव्या तिथेच ओढल्या आहेत. खालच्या चुन्याच्या पट्ट्यात रंग जाड, खरबरीत आहे. डावीकडच्या वेलीची पाने आज निळसर दिसतात, कारण त्यांतला पिवळा उडून गेला. आणि दर्शनी भिंतीच्या भेगा, लिंपून बुजवलेल्या, त्याने मन लावून रंगवल्या आहेत. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूगोळ्याचे कोठार उडून डेल्फ्टचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता. चित्रकार कारेल फाब्रिशियस त्यातच गेला. त्यानंतर जेमतेम चार वर्षांनी डेल्फ्टकरांना हे जुने, भेगाळलेले, तरी उभे असलेले घर दिसत होते.