नभोवाणीवरील कृषिसंवाद

शेतीविषयक संशोधनाचे निष्कर्ष तज्ञांशी केलेल्या प्रश्नोत्तररूप संभाषणातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची पद्धती. भाषणात किंवा पत्रकात ज्ञान एकाच दिशेने जाते. संवादात शेतकऱ्याची शंका तज्ञापर्यंत परत येणे अभिप्रेत असते. ही परतीची वाट जेथे खुली राहिली, तेथे संशोधन शेतात उतरले, असे या पद्धतीच्या महाराष्ट्रातील इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई इलाख्यातील सरकारी शेतकी क्षेत्रांवर बियाणे, अवजारे व खते यांचे प्रयोग होऊ लागले. त्यांची माहिती प्रात्यक्षिके, प्रदर्शने व पत्रके यांच्या द्वारा दिली जाई. परंतु १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्केच होते. त्यामुळे छापील मजकुराला मर्यादा पडत आणि प्रात्यक्षिकाचा लाभ आसपासच्या गावांपुरताच राही. नभोवाणीने अंतराची व अक्षरज्ञानाची अडचण दूर केली. तथापि ऐकणाऱ्याला प्रतिप्रश्न विचारता येत नसे. कॅनडात १९४१ मध्ये सुरू झालेल्या शेतकरी श्रोतृमंडळांनी यावर उपाय शोधला होता. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व आपली मते केंद्राकडे कळवावीत, अशी ती योजना होती.

पुणे येथील प्रयोग : याच धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नासिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सु. दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावी सु. वीस जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष व एक निमंत्रक अशी रचना होती. निमंत्रकाचे काम बहुधा गावातील शिक्षकाकडे असे. कार्यक्रम संपल्यावर मंडळात चर्चा होई, न सुटलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठविले जात आणि पुढील प्रक्षेपणातून त्यांची उत्तरे मिळत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पाउल नॉयराट यांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्यासाठी मंडळे असलेल्या गावांची तुलना केवळ रेडिओ असलेल्या व रेडिओ नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळांच्या गावी ज्ञानात लक्षणीय भर पडल्याचे, तर इतरत्र ती अत्यल्प असल्याचे आढळून आले. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही, ही बाब विशेष महत्त्वाची होय. श्रवणास चर्चेची जोड मिळाल्यावाचून माहितीचे ज्ञान होत नाही, हे तीतून स्पष्ट झाले.

विस्तार व ऱ्हास : १९५९ मध्ये ही योजना देशभर लागू करण्यात आली. १९६६ पासून काही केंद्रांवर शेती व गृह विभाग स्थापन होऊन अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा प्रचार सुरू झाला. १९६८ मध्ये राहुरी येथे महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झाल्याने तज्ञांचा स्थानिक आधारही वाढला. मंडळे मात्र हळूहळू निष्क्रिय होत गेली. निमंत्रकाचे काम उत्साहावर अवलंबून होते आणि ट्रँझिस्टरच्या प्रसाराने श्रवण चावडीवरून घरात गेले. श्रोते वाढले, पण एकत्र बसून वाद घालणारी सभा विरळ झाली.

खानदेश : १९५६ च्या प्रयोगात तत्कालीन पूर्व व पश्चिम खानदेश (नंतरचे जळगाव व धुळे) हे जिल्हे नव्हते. १९७६ मध्ये जळगाव येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्याने या भागाला स्वतःचे नभोवाणी केंद्र लाभले. कापूस, ज्वारी व कडधान्ये ही येथील प्रमुख पिके असून भुसावळ, यावल, रावेर व चोपडा हा तापी खोऱ्यातील केळीचा पट्टा होय. येथील संवादात भाषेचा प्रश्न आरंभीच उभा राहतो. शेतकरी अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलतो, तर तज्ञाची परिभाषा ग्रांथिक असते. काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे केळीला होणाऱ्या रोगास स्थानिक लोक ‘हरण्या’ म्हणतात. दोन्ही नावे एकाच रोगाची आहेत हे प्रथम ठरावे लागते. २०२० च्या पावसाळ्यात रावेर व यावल भागांत या रोगाचा मोठा प्रादुर्भाव झाला. रोगट झाडावर औषध नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करणे व रोग पसरविणाऱ्या मावा किडीचे नियंत्रण करणे, हाच उपाय आहे. परंतु शेजाऱ्याने झाडे न उपटल्यास काय करावे, हा शेतकऱ्याचा प्रश्न पत्रकात बसत नाही. त्याचे उत्तर एका शेताचे नसून साऱ्या शिवाराचे असते व ते सामुदायिक चर्चेतूनच निघू शकते.

संवादाच्या अभावाचे परिणाम बीटी कापसाच्या बाबतीत दिसून आले. २००२ मध्ये या कापसास व २००६ मध्ये दोन जनुके असलेल्या वाणांस परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जाई. ते कडेने पेरल्यास तेथे वाढलेल्या अळ्यांपासून होणाऱ्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो. हे कारण पुरेसे समजावले न गेल्याने अनेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचे हे एक कारण ठरले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने कापसाचे मोठे नुकसान केले. सूचना मिळाली होती, पण तिच्यामागील विज्ञान पोहोचले नव्हते.

अलीकडील साधने : जानेवारी २००४ मध्ये केंद्र शासनाने दूरध्वनीवरून सल्ला देणारी किसान कॉल सेंटरे सुरू केली, त्याच वर्षी आकाशवाणीवरून ‘किसानवाणी’ हा कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. कृषि विज्ञान केंद्रांतील मेळावे, शेतीशाळा व शिवारफेऱ्या यांतून तज्ञ व शेतकरी यांची प्रत्यक्ष गाठ पडते. दूरध्वनीमुळे उत्तर त्वरित मिळते, परंतु ते एकट्यालाच मिळते.

मूल्यमापन : संभाषण हे केवळ सादरीकरणाचे रंजक रूप नव्हे. आधीच लिहिलेली प्रश्नोत्तरे वाचून दाखविणारा कार्यक्रम संवादाचा आभास निर्माण करतो, पण तज्ञाच्या माहितीत भर घालत नाही. याउलट शेतकऱ्याचे निरीक्षण संशोधन केंद्रापर्यंत पोहोचल्यास नव्या रोगाचा किंवा किडीच्या प्रतिकारशक्तीचा सुगावा लवकर लागू शकतो. १९५६ च्या प्रयोगातील एकत्र श्रवण, चर्चा व लेखी प्रश्न ही त्रिसूत्री म्हणूनच साधने बदलल्यानंतरही उपयुक्त ठरते.