परक्या मजकुराची कसोटी: शैक्षणिक तुलनेचा भारतीय इतिहास आणि बंगळूर

तुलना करावयाची तर प्रथम तुलनीयता सिद्ध करावी लागते, हे तौलनिक साहित्याभ्यासाचे मूलभूत पथ्य होय. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे अध्ययन मोजणाऱ्या चाचण्यांपुढेही हाच प्रश्न प्रारंभापासून उभा आहे. आंतरराष्ट्रीय शैक्षणिक संपादणूक मूल्यमापन संघटनेच्या १९७०-७१ मधील वाचनविषयक पाहणीतील १५ देशांत भारताचा समावेश होता. मात्र येथील चाचणी हिंदीभाषक राज्यांपुरती मर्यादित होती. त्याच मालिकेतील साहित्यशिक्षणाच्या १० देशांच्या अभ्यासात भारत नव्हता.

या चर्चेत पुढे सर्वाधिक गाजला तो 'पिसा' चाचणीचा २००९ चा फेरा. १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या चाचणीचे मूळ मसुदे इंग्रजी व फ्रेंच भाषांत सिद्ध होतात. दोन स्वतंत्र अनुवादांच्या मेळातून राष्ट्रीय संहिता ठरते. तमिळनाडू व हिमाचल प्रदेश ही सहभागी राज्ये क्रमवारीत तळाशी राहिली. प्रश्नांचे संदर्भ भारतीय मुलांना परके आहेत, असा आक्षेप घेतला गेला आणि २०१२ च्या फेरीत भारत सहभागी झाला नाही. २०१९ मध्ये पुन्हा सहभागाचे ठरले. तथापि २०२२ च्या फेरीतही भारत नव्हता.

या आक्षेपाची परीक्षा बंगळूरशी निगडित एका पूर्वीच्या अभ्यासाच्या आधारे करता येते. बंगळूरच्या विप्रो कंपनीचा शिक्षणविषयक उपक्रम आणि अहमदाबादची 'एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज' यांनी २००६ मध्ये बंगळूरसह पाच महानगरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत चौथी, सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. तीत आंतरराष्ट्रीय चाचण्यांतील काही प्रश्नही होते. चौथीचे विद्यार्थी आंतरराष्ट्रीय सरासरीच्या खाली राहिले. आठवीचे तिथवर पोहोचले, परंतु मुख्यतः ठरावीक रीतीने सोडविता येणाऱ्या प्रश्नांच्या बळावर.

येथे भारतीय भाषांतील अनुवादाला दोष देता येत नाही. संपन्न शाळांमुळे साधनांच्या अभावालाही नाही. अर्थात शाळेची इंग्रजी ही अनेकांची घरची भाषा नव्हती, हे विसरून चालणार नाही. तरीही एक भेद स्पष्ट होतो. अनुवादाने लादलेले परकेपण हा चाचणीचा दोष होय. अपरिचित मजकुराला भिडणे ही मात्र वाचनाचीच कसोटी होय. पहिल्याची ढाल करून दुसरी टाळली गेली, तर हानी विद्यार्थ्यांची होते. कोणत्या प्रश्नात कोणते परकेपण आहे, हे क्रमवारीचे तक्ते सांगत नाहीत. त्यासाठी संहितांचेच तौलनिक वाचन करावे लागते.