प्रीकास्ट भिंती एकमेकींना जोडतात कशा?

क्रेन आख्खी भिंत उचलते, जागेवर ठेवते आणि बघता बघता मजला उभा! असे रील्स तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडे सिडकोने २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या बामणडोंगरीत याच तंत्राने ९६ दिवसांत ९६ फ्लॅट बांधले. रीलमध्ये दिसत नाही तो सांधा, म्हणजेच जॉइंट. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे: प्रत्येक मॉड्यूल वेगवेगळं पास होतं, बग निघतो तो जोडल्यावर.

आडवा सांधा

खालच्या पॅनलच्या माथ्यातून डॉवेल, म्हणजे सळया, वर आलेल्या असतात. वरच्या पॅनलच्या तळाशी त्यांच्यासाठी पोकळ नळ्या ठेवलेल्या असतात. शिम नावाच्या पातळ पट्ट्यांनी लेव्हल जमवतात, पॅनल उतरवतात, तिरप्या टेकूंनी धरून ओळंबा तपासतात. मग नळ्यांत आणि खालच्या फटीत नॉन-श्रिंक ग्राउट भरतात. साधं सिमेंट मॉर्टर सुकताना आकसतं आणि बारीक फट राहते, म्हणून हे खास ग्राउट. त्याला ताकद येईपर्यंत टेकू काढायचे नाहीत, मग साइटवर कितीही घाई असो.

उभा सांधा

शेजारच्या दोन पॅनलच्या कडांतून लूप बाहेर आलेले असतात. ते एकमेकांवर आले की त्यांतून उभी सळई ओवतात आणि मधली जागा ग्राउटने भरतात. काही ठिकाणी स्टीलच्या प्लेट वेल्ड करतात किंवा बोल्ट लावतात. काम लवकर होतं, पण तो जोड गंजापासून आणि आगीपासून जपावा लागतो.

बाहेरून फटीत फोमची दोरी आणि वर सीलंट. सीलंट फक्त पाणी अडवतं, भार घेत नाही.

सांधा कच्चा राहिला तर?

लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण कोपऱ्यातली भार घेणारी भिंत सांध्यातून निसटून बाहेर पडली. आधार गेल्यावर वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या वजनाने खालचेही, पार तळापर्यंत. चार माणसं गेली. इमारत नवीकोरी होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर ब्रिटनने नियम बदलले: एक भाग गेला तरी सगळी इमारत पत्त्यांसारखी कोसळता कामा नये. १९८६ मध्ये ती उतरवताना काही सांध्यांत मॉर्टरऐवजी चक्क वर्तमानपत्रांचे बोळे सापडले.

प्रीकास्ट फ्लॅटमध्ये राहत असाल तर एक लक्षात ठेवा. तिथल्या बऱ्याच भिंती भार घेणाऱ्या असतात. एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं असेल तरी आधी सोसायटीकडून ड्रॉइंग मागवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कोपऱ्यातल्या सांध्यावर तर ड्रिल नकोच.