बुगिसांचं घर, शेत आणि बहिणीचा हिस्सा

मागच्या हिवाळ्यात एका मित्राने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. इंडोनेशियातलं एक खेडं. जुम्म्याची नमाज आटोपून आलेली साठ-सत्तर माणसं एका लाकडी घराखाली शिरली. घराच्या खांबांना आडवे बांबू बांधलेले होते. एकाने आरोळी दिली, सगळ्यांनी बांबू खांद्यावर घेतले आणि छप्पर, भिंती, खिडक्यांसकट अख्खं घर चालू लागलं. थोड्या वेळाने ते नव्या जागी टेकलं आणि सगळे जेवायला बसले. मित्राने खाली लिहिलं होतं, ‘आपल्याकडे भिंत एक फूट सरकली तर लोक कोर्टात जातात.’

मला हसू आलं नाही. आमचे आजोबा वारले तेव्हा शेताच्या सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागली होती. वर्षभरात दोन्ही फुफींची नावं कमी झाली. हक्कसोडपत्रावर त्यांनी राजीखुशीने सह्या केल्या, असं घरात सांगितलं जातं. धाकटी फुफी आजही ईदला येते, ओसरीवर बसते आणि ‘माहेर तुटू नये म्हणून सही केली’ असं एखाद्या वेळी बोलून जाते. त्यावर कुणी काही बोलत नाही.

त्या व्हिडिओनंतर मी बुगिसांविषयी मिळेल ते वाचत गेलो. ते चालणारं घर कुणाचं, खालची जमीन कुणाची आणि त्यातलं मुलीला काय मिळतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

बोला म्हणजे घर

बुगिस हा दक्षिण सुलावेसीतला सर्वांत मोठा समाज. 2010च्या जनगणनेत इंडोनेशियात त्यांची संख्या सुमारे 64 लाख होती. जवळजवळ सगळे मुसलमान. जगाला ते दर्यावर्दी म्हणून माहीत आहेत, पण बहुसंख्य बुगिस पिढ्यानपिढ्या भातशेती करत आलेत. बोने, वाजो, सोपेंग, सिदरप, पिनरांग हे त्यांचे भाताचे जिल्हे. त्यांची लोनतारा लिपी ब्राह्मी कुळातली आहे, म्हणजे दूरच्या नात्याने आपल्या देवनागरीची बहीणच.

त्यांच्या भाषेत घराला ‘बोला’ म्हणतात. लाकडी खांबांवर उभं असलेलं हे घर तीन थरांचं असतं. वर माळा, तिथे भाताची साठवण. मध्ये माणसांचं राहणं. खाली मोकळी जागा. तिथे पूर्वी जनावरं, नांगर, हातमाग असत, आता मोटारसायकली दिसतात. खांबांपैकी एकाला घराची ‘नाभी’ मानतात आणि घर बांधताना त्याचा मान मोठा असतो. छपराच्या त्रिकोणी तोंडावर किती पट्ट्या आहेत यावरून पूर्वी घरमालकाचा दर्जा कळायचा. सामान्य कुळाने उमरावाइतक्या पट्ट्या लावायच्या नाहीत, असा दंडकच होता.

खांब-तुळया एकमेकांत अडकवून घर उभं राहतं, म्हणून ते सुटं करता येतं, विकता येतं, उचलूनही नेता येतं. मालकी हक्काच्या दृष्टीने ही साधी गोष्ट फार मोठी आहे. घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असू शकते. इंडोनेशियाच्या रूढीच्या कायद्यातही जमीन आणि तिच्यावरची इमारत या दोन वेगळ्या मालमत्ता मानल्या जातात.

हे घर पुढच्या पिढीत बहुधा मुलीकडे जातं. त्यातही शेवटपर्यंत आई-वडिलांजवळ राहिलेल्या धाकटीकडे. लग्नानंतर जोडपं सहसा आधी मुलीच्या माहेरी राहतं. नवरा सासरी येतो. त्यामुळे सही केली नाही तर माहेर तुटेल, ही आमच्या फुफीची भीती तिथल्या धाकट्या लेकीला समजावून सांगणं अवघड जाईल. ती माहेरातच असते.

पाचवा खांब

इस्लाम इथे उशिरा आला. 1605 मध्ये आधी लुवूच्या राजाने आणि त्याच वर्षी गोवा-तल्लोच्या राज्यकर्त्यांनी इस्लाम स्वीकारला. (हा गोवा मकासरजवळचा, आपल्या शेजारच्या गोव्याशी त्याचा संबंध नाही.) सुमात्राच्या मिनांगकाबाऊ प्रदेशातून आलेल्या तीन धर्मप्रचारकांना या कामाचं श्रेय दिलं जातं. पुढे गोव्याने शेजारच्या बुगिस राज्यांवर स्वाऱ्या केल्या. 1609 मध्ये सोपेंग, 1610 मध्ये वाजो आणि 1611 मध्ये बोने मुसलमान झालं. म्हणजे प्रबोधनही झालं आणि तलवारही चालली. दोन्ही गोष्टी मोकळेपणाने सांगायला हव्यात.

त्याआधी बुगिस समाजव्यवस्था चार खांबांवर उभी होती. ‘आदे’ म्हणजे रूढी, ‘रापांग’ म्हणजे पूर्वीचे दाखले, ‘वारी’ म्हणजे दर्जाची उतरंड आणि ‘बिचारा’ म्हणजे न्यायनिवाडा. हा शेवटचा शब्द संस्कृत ‘विचार’वरून मलय भाषेत आणि तिथून पुढे गेलेला. इस्लामनंतर पाचवा खांब आला, ‘सारा’ म्हणजे शरा, शरियत. आधीचे चार पाडून तो उभारला नाही, त्यांच्या जोडीला रोवला. गावात काझी, इमाम, खतीब आले; निकाह, जकात, मय्यत, वारसा त्यांच्याकडे गेला. जमिनीचे आणि दर्जाचे तंटे मात्र बराच काळ आदेकडेच राहिले.

या पाच खांबांत ओढाताणही झाली. बोनेचा राजा ला माद्दारेम्मेंग हा कडवा धर्मनिष्ठ होता. 1640च्या आसपास त्याने गुलामांना मुक्त करण्याचा हुकूम काढला. त्या काळी गुलाम ही उमरावांची मोठी मालमत्ता होती. विरोधात सर्वांत पुढे होती राजाची स्वतःची आई. ती गोव्याच्या आश्रयाला गेली. गोव्याच्या सुलतानाने बोनेच्या राजाला विचारणा केली, की हा हुकूम पैगंबरांचा आहे, रूढीचा आहे की तुमच्या मर्जीचा? समाधानकारक उत्तर आलं नाही. युद्ध झालं आणि 1644 पर्यंत बोने पराभूत झालं.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. दोन्ही बाजू मुसलमान, दोन्ही बाजू नमाजी. प्रश्न मालमत्तेचा आला तेव्हा धर्माचा अर्थ कोण लावणार यावर लढाई झाली. सुलतानाचा तो प्रश्न धूर्त होता, त्यामागे राजकारण होतं. पण प्रश्न म्हणून तो आजही आपल्या दारात उभा आहे.

कावड आणि डोक्यावरचं ओझं

वारशाबद्दल बुगिसांत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा: पुरुष कावडीने वाहतो, बाई डोक्यावर वाहते. कावडीला दोन पारडी, डोक्यावर एकच ओझं. म्हणून मुलाला दोन वाटे, मुलीला एक. कुरआनच्या सूरह निसामधला वारशाचा नियम शेतकऱ्याच्या रोजच्या कामातून असा समजावला गेला.

पण ही म्हण गावच्या व्यवहाराची अर्धीच बाजू सांगते. पुष्कळ आई-वडील हयातीतच वाटणी करून टाकतात. या मुलाला हे शेत, त्या मुलीला ते. घर मुलीकडे राहतं. कुठे भावंडं बसून बरोबरीचे वाटेही करतात. म्हण ऐकवणारं घर आणि समान वाटणारं घर एकाच गल्लीत सापडतं.

लग्नातही बाईच्या नावावर मालमत्ता येते. मेहरला तिथे ‘सोंपा’ म्हणतात आणि तो पुष्कळदा जमिनीच्या रूपात असतो. भाताचं खाचर किंवा बागेचा तुकडा. ती जमीन तिची. तलाक झाला किंवा नवरा वारला तरी पायाखाली काहीतरी उरतं. आपल्याकडच्या निकाहनाम्यांत मेहरचा आकडा कसा ठरतो आणि तो हातात कधी पडतो, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सोंपाशिवाय नवऱ्या मुलाकडून लग्नखर्चाची वेगळी रक्कम घेतली जाते. मुलीचं घराणं, शिक्षण, नोकरी यांवर ती चढते. पैसे जमले नाहीत म्हणून लग्नं मोडतात, मुलं कर्ज काढतात, पळून जाऊन लग्न केलं तर ‘सिरी’ म्हणजे घराण्याची अब्रू गेली असं मानून पूर्वी सुरेही निघत. 2022 मध्ये दक्षिण सुलावेसीच्या उलमा परिषदेला फतवा काढून सांगावं लागलं की ही रक्कम जायज आहे, पण तिने कुणाचं कंबरडं मोडता कामा नये. आपल्याकडे हुंडा मुलीच्या बापाला बुडवतो, तिथे ही रक्कम मुलाच्या बापाला.

शेत कुणाचं?

खेड्यात जमीन असणारे आणि कसणारे वेगळे असणं, हेही आपल्याला ओळखीचं. बटईला बुगिस ‘तेसेंग’ म्हणतात. बियाणं-खत कुणाचं यावर पिकाचा वाटा ठरतो. गहाणाला ‘सान्रा’ म्हणतात. अडलेला शेतकरी सोनं किंवा पैसा घेतो आणि रक्कम फिटेपर्यंत सावकार ते शेत कसून पीक खातो. व्याज हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण दरवर्षी पीक जातं आणि मुद्दल तसंच राहतं. इंडोनेशियाने 1960 मध्ये मूलभूत जमीन कायदा केला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ठरवलं, की गहाण शेत सात वर्षं सावकाराकडे राहिलं असेल तर ते काहीही न घेता मूळ मालकाला परत द्यायचं. रिबाच्या विरोधात इतकी थेट तरतूद एखाद्या फतव्यात मी वाचलेली नाही.

मधली वर्षं फार वाईट गेली. 1950 ते 1965 या काळात काहार मुझक्कर या लुवूच्या बंडखोराने दक्षिण सुलावेसीच्या खेड्यापाड्यांवर अंमल बसवला. 1953 मध्ये त्याने आपला प्रदेश दारुल इस्लामचा भाग जाहीर केला, तर 1955च्या सनदेने उमरावी किताब रद्द केले. इस्लाममध्ये उच्चनीच नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण बंदुकीच्या धाकाने आलेल्या त्या समतेत गावं जळाली, माणसं घरंदारं सोडून शहरांकडे पळाली. फेब्रुवारी 1965 मध्ये तो मारला गेला. किताब परत आले.

अठ्ठेचाळीस गुंठे

जे बंदुकीने झालं नाही, ते पुढे थोडंफार कागदाने झालं. नवरा-बायकोने संसारात मिळून कमावलेल्या मालमत्तेला बुगिस ‘चक्कारा’ म्हणतात. बाई शेतात राबते, माग चालवते, बाजारात बसते. मग कमाईत ती भागीदार नाही का, हा त्यामागचा साधा हिशोब. अशीच रूढी जावा आणि इतर बेटांवरही होती. 1974च्या विवाह कायद्याने ती मान्य केली आणि 1991 मध्ये शरई न्यायालयांसाठी तयार झालेल्या इस्लामी कायद्याच्या संहितेत तिला जागा मिळाली. कलम 96 आणि 97 सांगतात, की वेगळा करार नसेल तर मृत्यू किंवा तलाक झाल्यावर संयुक्त कमाईतला अर्धा वाटा जोडीदाराचा.

समजा, नवरा-बायकोने संसारात 48 गुंठे जमीन घेतली. नवरा वारला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. आपल्या पद्धतीने बायकोला आठवा हिस्सा, 6 गुंठे. मुलाला 28, मुलीला 14. तिथे आधी 24 गुंठे बायकोचे, भागीदार म्हणून. उरलेले 24 वारशाचे. त्यात तिचा आठवा हिस्सा 3, मुलाला 14, मुलीला 7. म्हणजे बाईकडे 27 गुंठे. सूरह निसाचा एकही अपूर्णांक बदलला नाही. वारसा मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढंच बदललं.

त्याच संहितेत मुलगा-मुलगी हे प्रमाण 2:1च आहे. त्या आधी धर्मखात्याचे मंत्री असलेले मुनाविर शाझली यांनी समान वाटणीची बाजू मांडली होती, तेव्हा मोठं वादळ उठलं. प्रमाण बदललं नाही. पण कलम 183ने एक वाट ठेवली: वारस आपसात समझोत्याने वेगळी वाटणी करू शकतात, मात्र प्रत्येकाला आपला हक्काचा हिस्सा किती हे आधी कळल्यानंतरच.

हे शेवटचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. हक्कसोडही समझोताच म्हणवला जातो. पण सही घेण्याआधी फुफींना कुणी सांगितलं होतं का, की तुमचा हिस्सा इतके गुंठे, त्याची किंमत इतकी, आता बोला? आपल्याकडे 1937च्या शरियत कायद्यातून शेतजमीन मुळातच बाहेर ठेवली गेली. दक्षिणेतल्या काही राज्यांनी पुढे ती आत घेतली. शरियत धोक्यात आहे म्हणून मोर्चे निघाले, त्यात मीही चाललो आहे. बहिणीच्या सातबाऱ्यासाठी निघालेला मोर्चा मात्र मला आठवत नाही.

मागच्या ईदला मी फुफीला तो व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा पाहिला. मग विचारलं, ‘‘आणि बेटा, हे घर कुणाचं?’’ मी म्हटलं, ‘‘बहुतेक धाकट्या लेकीचं.’’ ती काही बोलली नाही. मीच कागद-पेन घेतलं आणि आजोबांच्या जमिनीचा हिशोब तिच्यासमोर मांडू लागलो. तिचा हिस्सा किती होता, हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.