मौज म्हणजे लाट

वर्गात 'मौज' या शब्दाचा अर्थ विचारला की मुले एका सुरात सांगतात, "मजा!" मराठीत ते बरोबरच आहे. पण अरबीतून उर्दूत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आहे लाट. आमच्या वरणगावच्या मुलांनी तापी पाहिलेली असते, हतनूरचे धरण पाहिलेले असते; समुद्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मग मी त्यांना 'रामदास' बोटीची हकीकत सांगतो.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढी अमावास्या होती आणि रमजानही तोंडावर आला होता. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' रेवसकडे निघाली. सातशेच्या आसपास माणसे होती, त्यात सणाला घरी निघालेले कितीतरी. वाटेत पाऊस-वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, बोट कलली. घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला कळायला कित्येक तास लागले. जे वाचले, त्यांतल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी पाण्यातून ओढून काढले.

तेव्हा लाटांचा अंदाज बांधता येत नव्हता का? येत होता. दुसऱ्या महायुद्धात हेरॉल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी ती पद्धत बसवली होती. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना तिचा उपयोग झाला. म्हणजे हे ज्ञान आधी फौजांच्या हाती आले. रेवसच्या उतारूपर्यंत ते पोहोचले नाही.

लाटांचे दोन प्रकार असतात. एक, समोरच्या वाऱ्याने उठणारी. दुसरी, दूरच्या वादळात जन्मून हजारो किलोमीटर चालत येणारी लांब लाट. दक्षिण महासागरातली अशी लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येते. वर आकाश निरभ्र, वारा शांत; म्हणूनच ती जास्त फसवते. केरळात हिला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र.

१९९९ साली स्थापन झालेली हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था आता दोन्ही लाटांचे इशारे देते. लांब लाटांच्या उधाणासाठी तिने २०२० मध्ये वेगळी व्यवस्था सुरू केली. इशारा मोबाइलवरही येतो.

पण इशारा आला म्हणजे काम संपले असे नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली, जीवरक्षक जाकिटे कोपऱ्यात पडून राहिली, तर अंदाज अचूक असूनही माणूस बुडतोच.

तास संपताना मुलांना एवढेच सांगतो: सहलीला कोकणात गेलात तर जाकीट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. बोटवाला हसला तरी चालेल. मौज या शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवा.