सारसाच्या घरट्यापाशी बादशहा

शालेय इतिहासात जहांगिराच्या वाट्याला तीन गोष्टी येतात: न्यायाची साखळी, दारू आणि नूरजहान. चौथी गोष्ट सहसा येत नाही. हा बादशहा प्राणी-पक्ष्यांकडे तासन् तास पाहत असे आणि जे पाहिले ते मोजून, दिवसवार लिहून ठेवत असे. ‘तुझुक-इ-जहांगिरी’ ही त्याची फारसी आत्मकथा आपण मोहिमा, मनसबी आणि नजराणे यांच्यासाठी वाचतो. त्याच पानांमध्ये प्राण्यांचे वर्तन, मीलन आणि पिल्लांची वाढ यांच्या नोंदी आहेत. त्या वाचल्यावर जहांगीर वेगळा दिसू लागतो.

यातली सर्वात मोठी नोंद सारस पक्ष्यांची आहे. सारसाची एक महिन्याची दोन पिल्ले त्याच्याकडे आली होती. त्यांची नावे लैला आणि मजनू. जहांगिराने ही जोडी पाच वर्षे सांभाळली, प्रवासातही सोबत ठेवली. १६१८ साली गुजरातच्या मुक्कामात त्यांची देखभाल करणाऱ्या ख्वाजासराने खबर दिली, की जोडी जमली आहे. पुढच्या वेळी मला लगेच कळवा, असा हुकूम बादशहाने दिला आणि पहाटे निरोप येताच तो स्वतः पाहायला गेला.

पुढचे सारे त्याने क्रमाने लिहिले आहे. पहिल्या अंड्यानंतर अठ्ठेचाळीस तासांनी दुसरे अंडे आले. रात्रभर मादी अंड्यांवर बसे आणि नर शेजारी उभा राहून पहारा देई. उजाडले की नर तिच्या पाठीवर चोचीने टोचे, ती उठे आणि तो तिच्या जागी बसे. एकदा मुंगसासारखे जनावर जवळ आले, तेव्हा नराने त्याला बिळापर्यंत पिटाळले. ३४ दिवसांनी पिल्लू बाहेर आले. सारस साधारण महिनाभर अंडी उबवतो, हे आजचे पक्षिशास्त्रही सांगते.

खरी गंमत त्यानंतरची आहे. नर पिल्लांना चोचीत उलटे धरी. तो त्यांना इजा करील, या भीतीने बादशहाने त्याला वेगळे ठेवायला लावले. गोष्ट इथेच संपली असती. पण आपली भीती खरी आहे का, हे तपासण्यासाठी त्याने नराला पुन्हा पिल्लांजवळ सोडून पाहिले. नराची माया मादीपेक्षा कमी नाही, हे दिसले आणि त्याने तसे लिहून ठेवले. मनात शंका आली, तिची परीक्षा घेतली, निकाल आपल्या अंदाजाविरुद्ध गेला तरी नोंदवला. ज्याच्या शब्दाला दरबारात कोणी विरोध करू शकत नव्हते, त्याने एका पक्ष्याकडून आपले मत बदलून घेतले.

अशा नोंदी आणखी आहेत. हत्तिणीच्या पोटात मादी पिल्लू अठरा महिने आणि नर एकोणीस महिने राहते, असे तो लिहितो. आशियाई हत्तिणीचा गर्भकाळ आज १८ ते २२ महिने मानतात. अकबराने शिकारीसाठी हजारभर चित्ते जमवले होते, पण ते पिंजऱ्यात वीत नसत. जहांगिराच्या काळात एक नर गळ्यातला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन बछडे झाले. बंदिवासातल्या चित्त्याच्या जन्माची यानंतरची नोंद थेट १९५६ ची आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

यात आपल्या भागाचाही एक धागा आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून काही दुर्मीळ जनावरे खरेदी करून आणली. त्यांत अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेली टर्की होती. तिच्या डोक्याचा रंग सरड्यासारखा पालटतो, हे जहांगिराने टिपले आणि तिचे चित्र काढायला लावले. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढून घेतली नाहीत, असे तो म्हणतो. ती उणीव उस्ताद मन्सूरसारख्या चित्रकारांनी भरून काढली.

पण म्हणून जहांगिराला ‘पहिला शास्त्रज्ञ’ ठरवण्याची घाई नको. सिंहाचे धैर्य कुठून येते, हे पाहण्यासाठी त्याने एक सिंह चिरायला लावला. पित्ताशय यकृताच्या आत आहे, असे त्याला वाटले आणि हेच धैर्याचे कारण असावे, असा तर्क त्याने केला. तर्क चुकला. शिवाय त्याचे निरीक्षण पुढे नेणारी शाळा किंवा संस्था उभी राहिली नाही. माहिती बादशहाच्या हौशीवर उभी होती. हौस संपली, नोंदी थांबल्या.

दुसरी बाजू अधिक अवघड आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर मारलेल्या शिकारीचा हिशेबही त्यानेच दिला आहे: २८,५३२ जीव, त्यांतले १७,१६७ त्याच्या हातचे. सारसाच्या पिल्लाची काळजी करणारा आणि हा हिशेब मांडणारा माणूस एकच. एकच लेखणी, तीच काटेकोर मोजणी. पुढे त्याने स्वतःच्या हाताने जीव न घेण्याचा नवस केला. पण या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत. आपण एक लपवून दुसरी सांगू लागलो, तर तो इतिहास राहत नाही, वकिली होते.

मुंबईच्या सलीम अलींनी १९२० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुघल बादशहांवर निसर्ग-अभ्यासक आणि शिकारी म्हणून लेखन केले, तेव्हा हे दोन्ही शब्द त्यांनी शीर्षकातच शेजारी ठेवले. पक्षिनिरीक्षणाचे आयुष्य घालवलेल्या माणसाला या नोंदींची किंमत कळली होती.

आज महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया आणि भंडाऱ्याच्या धानशेतीत उरला आहे, तोही अगदी थोडा. तिथे शेतकरी आणि पक्षिप्रेमी शेतातली घरटी राखतात, दरवर्षी पक्षी मोजतात. त्यांच्यामागे तख्त नाही, तिजोरी नाही. पण चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने जे केले, तेच ते करत आहेत: थांबून पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे. फरक इतकाच, की बादशहाच्या काळात सारस संपेल अशी भीती कोणाला नव्हती.